घरच्या घरी ऊर्ध्वपातन : टोप, नळी आणि बादलीभर गार पाणी

शाळेच्या पुस्तकातली ऊर्ध्वपातनाची आकृती सगळ्यांच्या ओळखीची असते. एका बाजूला चंबू, मध्ये तिरकी काचेची नळी आणि दुसऱ्या बाजूला थेंब थेंब भरणारं भांडं. पाणी तापतं, वाफ होते, वाफ गार होऊन पुन्हा पाणी होतं आणि मीठ मागे राहतं. एवढं पाठ असूनही प्रत्यक्ष करायला बसलं की बहुतेकांचं सगळं लक्ष आचेवर जातं. गॅस मोठा करतात, स्वयंपाकघर वाफेने भरतं आणि वाटीत जेमतेम चमचाभर पाणी जमतं. वाफ करणं सोपं आहे, तिला पकडणं अवघड. या लेखातल्या दोन्ही मांडण्या या एका गोष्टीभोवती रचल्या आहेत. पहिली मांडणी अर्ध्या तासात ओट्यावर होते. दुसरीला एक सुटीचा दिवस आणि हार्डवेअरच्या दुकानाची एक फेरी लागते.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे उपकरण पाणी, मिठाचं पाणी आणि सुगंधी पानाफुलांसाठी आहे, दारूसाठी नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे, आणि त्या हेतूने भट्टीचं सामान जवळ बाळगणं हासुद्धा. कायदा बाजूला ठेवला तरी उघड्या ज्योतीशेजारी अल्कोहोलची वाफ म्हणजे आगीला निमंत्रणच. स्पिरिट, थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर यांतलं काहीही या भांड्यात कधीच घालायचं नाही.

पहिली मांडणी : टोपातला टोप

एक खोल स्टीलचा टोप घ्या, पाचेक लिटरचा. त्यावर बसणारं घुमटाकार झाकण हवं, मधोमध मूठ असलेलं. काचेचं असेल तर फारच छान, कारण आत काय चाललंय ते मुलांना दिसतं. टोपाच्या तळाशी एखादी बुटकी तिवई किंवा कुकरमधली जाळी ठेवा आणि तिच्यावर एक जड स्टीलची वाटी. वाटी हलकी असली तर उकळत्या पाण्यात नाचते आणि कलंडते.

आता एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे मीठ विरघळवा. समुद्राच्या पाण्यात साधारण इतकंच मीठ असतं. त्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका. रंग दिसायला हवाच, कारण निळं पाणी खाली आणि पाण्यासारखं स्वच्छ पाणी वाटीत, हे पाहिल्यावर समजावून सांगायला फारसं उरत नाही. हे पाणी टोपात इतकंच ओता की वाटीच्या काठापासून निदान चार बोटं खाली राहील.

झाकण उलटं ठेवा, मूठ खाली. वाफ झाकणाला लागून गार होईल, थेंब उतारावरून मुठीकडे येतील आणि मुठीवरून वाटीत पडतील. मूठ बरोबर वाटीच्या वर आहे ना, हे गॅस पेटवण्याआधी पाहून घ्या. मूठ प्लास्टिकची असेल तर काढून टाका. बहुतेक झाकणांना ती एका स्क्रूने बसवलेली असते. स्क्रू पुन्हा जागी घट्ट बसवा, म्हणजे बर्फाचं पाणी भोकातून गळणार नाही आणि थेंबांना टोकही मिळेल.

पाण्याला पहिली उकळी मोठ्या आचेवर येऊ द्या, मग गॅस अगदी बारीक करा आणि झाकणाच्या खळग्यात बर्फ भरा. पाणी खदखदायला नको, नुसतं थरथरत राहायला हवं. जोरात उकळलं तर रंगीत शिंतोडे वाटीत उडतात आणि सगळा प्रयोग फसतो. बर्फ वितळला की पाणी पळीने किंवा स्पंजने उचला आणि नवा बर्फ घाला. झाकण उचलून पाणी ओतायला जाल तर आतली वाफ हातावर येईल. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो.

फ्रीजरच्या एका ट्रेमध्ये साधारण पाव किलो बर्फ मावतो. तेवढ्यात ४० ते ६० मिली पाणी मिळालं तर उत्तम समजा. यापेक्षा जास्त हवं असेल तर ही मांडणी पुरत नाही. का पुरत नाही ते पाहिल्याशिवाय दुसरीकडे वळू नका.

गारव्याचा हिशेब

एक किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपट. ही सुप्त उष्णता वाफ आपल्याबरोबर घेऊन निघते आणि पुन्हा पाणी होताना सगळीच्या सगळी परत टाकते. ती उचलायला कुणीतरी हवं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे एक किलो वाफ जवळजवळ पावणेसात किलो बर्फ वितळवू शकते. ट्रेभर बर्फाची काय कथा!

बर्फाऐवजी साधं पाणी घेतलं तर? पाव लिटर पाणी गाळून ४० अंशांपर्यंत गार करताना सुमारे ६२५ किलोज्यूल बाहेर पडतात. दहा लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर जायला नेमकी तेवढीच उष्णता लागते. हा आकडा लक्षात ठेवा : पाव लिटरला दहा लिटर. एक लिटर हवं असेल तर चाळीस लिटर, किंवा पाणी बदलत राहायचं. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच ३५ अंशांचं असतं, तेव्हा हाच प्रयोग डिसेंबरात करणं शहाणपणाचं.

पिढ्यान्‌पिढ्या गाळण्याचं काम करणाऱ्यांनी गारव्याकडे किती लक्ष दिलंय ते पाहा. कनौजला अत्तर काढताना तांब्याची देग चुलीवर असते, पण वाफ धरणारा भपका पाण्याच्या हौदात बसवलेला असतो आणि दोन्हींना जोडणारा चोंगा बांबूचा. हौदातलं पाणी तापलं की ते बदलण्यावर कारागिराची नजर असते. गोव्यात काजूची फेणी गाळतात तिथेही भाणाखालचा, म्हणजे रस उकळण्याच्या भांड्याखालचा जाळ जितका महत्त्वाचा, तितकंच वाफ जिथे गार होते त्या भांड्यावर ओतलं जाणारं थंड पाणी. दोन्ही ठिकाणी आच मंदच असते.

गॅसचाही अंदाज घ्या. एक लिटर पाणी गाळायला आदर्श हिशेबानेही ५५ ते ६० ग्रॅम एलपीजी जळतो, प्रत्यक्षात जास्तच. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरला हा स्वस्त पर्याय नाही. ते मनात असेल तर इथेच थांबलेलं बरं.

दुसरी मांडणी : कुकर, नळी, बादली

सामान असं लागेल : तीन किंवा पाच लिटरचा स्टीलचा प्रेशर कुकर, अर्धा मीटर फूड-ग्रेड सिलिकॉनची नळी, अडीच-तीन मीटर तांब्याची नळी, रंगाची रिकामी २० लिटरची बादली, एम-सील, दोन होज क्लिप आणि थोडी कणीक. ॲल्युमिनियमचा कुकर मिठाच्या पाण्यासाठी नको, मीठ त्याला खातं.

तांब्याची नळी एसी दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. तीन सुती, म्हणजे ३/८ इंची मागा. दोन सुती वळवायला सोपी असते, पण कुकरच्या तोंडाशी जोडताना खटपट होते. सिलिकॉनची नळी घ्यायला जाताना कुकरचं झाकण बरोबर न्या. शिट्टी काढल्यावर खाली जी छोटी नळी दिसते तिच्यावर घट्ट बसेल अशीच निवडा. आतून आठ मिलिमीटरची बहुधा बसते. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप स्वस्त असतो, पण वाफेने लगेच मऊ पडतो, पिळतो आणि पाण्याला प्लास्टिकचा वास लावतो. तिथे काटकसर करू नका.

नळीचे वेढे काढताना ती चेपते, हा सगळ्यांना येणारा अनुभव. उपाय जुना आहे. एक टोक चिकटपट्टीने बंद करा, नळीत कोरडी बारीक वाळू ठोकून ठोकून भरा, दुसरं टोक बंद करा आणि पाचेक इंच व्यासाच्या गोल डब्याभोवती सावकाश गुंडाळा. पाच-सहा वेढे पुरतात. मग वाळू झाडून काढा आणि नळीतून पाणी सोडून स्वच्छ करा. एक कणही आत राहता कामा नये. खात्री करायला तोंडाने फुंकून बघा, हवा सहज पलीकडे गेली पाहिजे.

बादलीच्या बाजूला, तळापासून दोन बोटं वर, नळीच्या मापाचं भोक पाडा. वेटोळं बादलीत ठेवून खालचं टोक त्या भोकातून बाहेर काढा आणि आतून-बाहेरून एम-सील लावून रात्रभर वाळू द्या. वरचं टोक बादलीच्या काठावरून बाहेर येईल, तिथे सिलिकॉनची नळी जोडून क्लिप आवळा. वेटोळं वरपासून खालपर्यंत सतत उतरतं असलं पाहिजे. मध्ये कुठेही नळी खाली जाऊन पुन्हा वर चढली, तर त्या खोलगटात पाणी साचतं, मागून येणाऱ्या वाफेची वाट अडते आणि नळी गुरगुरत, उसळ्या मारत पाणी फेकू लागते. बादली ओट्यावर कडेला ठेवा आणि बाटली खाली स्टुलावर, म्हणजे उतार आपोआप मिळतो.

कुकरबद्दल तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. शिट्टी काढलेलीच हवी. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही आणि तो झाकायचाही नाही. आणि दुसरं टोक नेहमी मोकळं, कधीही बूच लावलेल्या बाटलीत नाही. इथे दाब तयार व्हायलाच नको. वाफेला बाहेर पडायला सतत वाट हवी. क्लिप न लावता कुकरच्या तोंडाशी नळी नुसती दाबून बसवली आणि सांध्याला कणकेचा लेप दिला, तर वाट अडल्यावर आधी तो सांधा सुटतो. म्हणून त्या टोकाला मी क्लिपपेक्षा कणीक पसंत करतो. दुसरी क्लिप वेटोळ्याच्या बाजूला दुहेरी लावा.

प्रत्यक्ष गाळताना

कुकर निम्म्याहून कमी भरा. त्यात फुटक्या मडक्याच्या चार-पाच छोट्या खापऱ्या टाका. त्यांच्या छिद्रांमुळे बुडबुडे सतत आणि बारीक येतात, पाणी एकदम उसळत नाही. पण त्या गॅस पेटवण्याआधीच टाकायच्या. तापलेल्या पाण्यात टाकाल तर ते फसफसून वर येईल.

बादलीत पाणी भरण्याआधी दोन मिनिटं वाफ तशीच सोडून बघा. खालच्या टोकातून ती मोकळी बाहेर आली की वाट साफ आहे असं समजा. गॅस बंद करून बादली भरा आणि पुन्हा सुरू करा. पहिलं पन्नास मिली पाणी फेकून द्या. त्यात नळीची धूळ आणि टाकीच्या पाण्यातली क्लोरीन वगैरे लवकर उडणारी द्रव्यं असतात. त्यानंतर थेंब मोजता येतील इतक्या वेगाने पडत राहिले तर आच बरोबर आहे. टोकातून पाण्याबरोबर वाफही येत असेल तर गॅस कमी करा किंवा बादलीतलं पाणी बदला, तिसरा उपाय नाही.

बादलीत हात घालून बघितलंत तर वरचं पाणी कढत आणि तळाचं गारच सापडेल. म्हणून पाणी बदलताना वरून उपसायचं आणि ताजं पाणी नळीने तळाशी सोडायचं. वाफ वरून खाली येते, गार पाणी खालून वर चढतं, आणि बाहेर पडण्याआधी थेंबाला सर्वांत थंड पाणी भेटतं. प्रयोगशाळेत वाफ गार करायला वापरतात त्या काचेच्या लीबिग कंडेन्सरलाही पाणी खालच्या टोकाकडूनच देतात, त्याचं एक कारण हेच.

नळीचं टोक बाटलीत जमलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. गॅस बंद केला की कुकरमधली वाफ आकसते, आत पोकळी तयार होते आणि बाटलीतलं गाळलेलं पाणी नळीतून उलटं कुकरमध्ये ओढलं जातं. सगळी मेहनत एका घोटात परत!

कुकरमध्ये एक चतुर्थांश पाणी उरलं की थांबा. कोरडं पडेपर्यंत चालवलं तर मीठ तळाला करपतं आणि रबर रिंगही जाते.

थर्मामीटर असेल आणि तुम्ही पुण्यात असाल, तर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळताना दिसेल, महाबळेश्वरला ९५-९६ ला. दर तीनशे मीटर उंचीला साधारण एक अंश कमी होतो. थर्मामीटर बिघडलाय असं समजू नका.

गाळलं गेलं, हे कशावरून?

मुलांना वाटीतलं पाणी चाखून बघावंसं वाटतं. तांब्याच्या नळीतलं पाणी चाखू देऊ नका, पहिल्या मांडणीतलं चालेल. त्याहून चांगली तपासणी म्हणजे दोन स्टीलच्या चमच्यांत मूळ पाण्याचा आणि गाळलेल्या पाण्याचा एकेक थेंब घेऊन मंद आचेवर सुकवा. एकावर पांढरं कडं उमटेल, दुसरा लख्ख राहील. बोअरवेलचं पाणी असेल तर मीठ न घालताही हा फरक दिसतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं मीटर असेल तर आकडाच मिळेल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा इष्ट मानतं. गाळलेलं पाणी दहाच्या खाली आलं पाहिजे. वीस-तीस दाखवलं तर कुकरमधून शिंतोडे उडतायत, आच कमी करा.

हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा मोह टाळा. टीडीएस शून्याजवळ असला तरी तांब्याचे अंश आलेले असू शकतात आणि बॅटरीला तेच नको असतात. इस्त्रीत वापरा, आरसे पुसा.

आता एक गमतीचा प्रयोग, जो शिक्षकांनी जरूर करावा. पहिल्या मांडणीत मिठाच्या पाण्याऐवजी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. ॲसिटिक आम्ल ११८ अंशांना उकळतं, म्हणजे ते मागे राहून वाटीत नुसतं पाणी येईल असं वाटतं. वाटीतल्या पाण्यात जास्वंदीच्या फुलाचा अर्क टाका, तो गडद गुलाबी होईल. आम्ल वर आलंच. मिठाची वाफ होत नाही म्हणून ते पूर्ण मागे राहतं, पण ज्याची स्वतःची वाफ होते ते थोडंफार बरोबर येतंच. कारखान्यांतल्या उंच मनोऱ्यांत तेच ते पुन्हा पुन्हा का गाळावं लागतं, ते इथे कळतं. हा प्रयोग तांब्याच्या नळीतून करू नका. आम्लाने तांब्यावर हिरवट जंगाल चढतं, आणि ते विषारी असतं.

गवती चहाचा अर्क

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं बक्षीस इथे आहे. पण पानं कुकरमध्ये घालायची नाहीत. पानाचा एखादा तुकडा शिट्टीखालच्या अरुंद नळीत अडकला तर वाट बंद. त्यासाठी पहिलीच मांडणी घ्या, फक्त टोप मोठा घ्या. तळाशी पाणी, त्यावर मोदकपात्राची चाळणी, चाळणीवर मधोमध वाटी आणि वाटीभोवती कात्रीने बोटभर कापलेला गवती चहा दाबून भरलेला. अर्धा किलो सहज मावतो. पानं पाण्यात बुडायला नकोत, वाफ त्यांच्यातून गेली पाहिजे. झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावली तर वास बाहेर जात नाही, पण दोन बोटं जागा मोकळी सोडा.

गवती चहाच्या वासाचा मुख्य घटक सिट्राल. तो एकटा उकळायला २२९ अंश लागतात. तरी तो शंभराच्या आतच वाफेबरोबर निघून येतो, कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. प्रत्येकाचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, स्वतंत्र राहतो आणि दोन्हींची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. तेल करपण्याआधीच हळूच बाहेर येतं. मीठ मागे का राहिलं आणि सिट्राल पुढे का आलं, हे शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारा.

ताज्या पानांत तेल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. अर्ध्या किलोतून हाती येतो तो वाटीतल्या पाण्यावर तरंगणारा पातळ पिवळसर तवंग. बाटलीभर तेलाची अपेक्षा ठेवू नका. खालचं सुगंधी पाणी मात्र छान असतं. अर्ध्या-पाऊण तासानंतर वास उकडलेल्या पाल्यासारखा यायला लागतो, तेव्हा थांबा. वाळा करायचा असेल तर मुळं रात्रभर भिजवून ठेवा, आच आणखी मंद आणि वेळ जास्त. देशी गुलाब असेल तर पाकळ्या सकाळी लवकर तोडा, उन्हं चढली की वास उडतो. बाजारातले फुलदाणीचे गुलाब नकोत, त्यांना वासही नसतो आणि फवारणीही झालेली असते.

हे पाणी उकळत्या पाण्यात धुतलेल्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. त्यात टिकवणारं काही नसतं, ढगाळ दिसलं की ओतून द्या. आधी व्हिनेगर गाळलेला टोप असेल तर तो सोड्याने घासून मगच पानं भरा, नाहीतर अर्काला आंबूस वास लागतो. तांब्याचं वेटोळं काम झाल्यावर फुंकून कोरडं करा आणि दोन्ही टोकांना फडकं बांधून टांगून ठेवा. उघडी नळी म्हणजे कुंभारमाशीला आयतं घर, आणि तिने मातीचं बूच कधी बसवलं ते पुढच्या वेळी फुंकून बघेपर्यंत कळत नाही.